मसाल्याच्या डब्यातल्या कॅप्सूल

पनवेल,
१८ नोव्हेंबर १९९५

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. मानेत डायलिसिसची नळी आहे, तेव्हा हल्ली साष्टांग मनातल्या मनातच घालतो. गोड मानून घे.

जगनबरोबर पाठवलेला मसाल्याचा डबा पोचला. सुनीताने लगेच मटकीची उसळ केली आणि मला चमचाभर वाढली. आणखी मागितली तर डोळे वटारले. माझ्या ताटाच्या बाबतीत तुझी भावजय थेट तुझ्यावर गेली आहे.

डब्यात नेहमीसारख्या दाजींच्या औषध कंपनीच्या सँपलच्या कॅप्सूलही होत्या. त्या घेतल्या नाहीत.

मला किडनी द्यायला येण्यासाठी शाळेत रजा टाकू का, असं विचारलं आहेस. इतक्यात टाकू नकोस.

आता लिहूनच टाकतो. मशीनवर असताना मला दोनदा हुडहुडी भरली. रक्त तपासलं, तर नळीवाटे जंतू शिरलेले, आणि नेहमीची औषधं त्यांना लागूच पडत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, याआधी तापावर काय घ्यायचात? सुनीताने सांगितलं, नणंदबाई कॅप्सूल पाठवतात. ताप उतरला की थांबवतो, उरलेल्या पुढच्या तापाला. काटकसर सांगावी तशी कौतुकाने सांगितली तिने. आपल्या घरची रीतच ती. आईने कधी औषध वाया घालवलं का?

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "अर्धवट औषधाने जे जंतू उरतात, ते त्या औषधाला सरावतात. किडनी बसवली की तुमची प्रतिकारशक्ती आम्हालाच कमी करावी लागते. हे रक्तात असताना ऑपरेशन केलं, तर तुम्ही वाचणार नाही."

नळी बदलली आहे. एकच इंजेक्शन लागू पडेल म्हणतात, ते चालू आहे. गुण आला तर उन्हाळ्यात ऑपरेशन. नाही आला तर काय, ते मी विचारलं नाही.

ताई, रडत बसू नकोस. हॉस्पिटलातले जंतू मुळातच चिवट असतात, हेही डॉक्टरच म्हणाले. तू मायेने पाठवल्यास, मी विश्वासाने घेतल्या. स्वतःची किडनी द्यायला निघालेल्या बाईला बोल लावणाऱ्याची जीभ झडो. पण कॅप्सूल आता बंद. शेजारीपाजारीही वाटू नकोस, एवढं ऐक.

खरं सांगू? मला भीती वाटते. सुनीतासमोर दाखवत नाही, म्हणून तुला लिहितो. तू जवळ असावीस असं फार वाटतं. कुणाच्या दारी हात हलवत जाऊ नये, असं आई म्हणायची. तू या खेपेला तशीच ये. मसाला नको, कॅप्सूल नको, किडनीसुद्धा नको. नुसती ये.

स्टँडवर घ्यायला मीच येईन. तुझ्याकडे उचलण्यासारखं काही नसेलच.

तुझा धाकटा,
प्रभाकर