दक्षिणेची भिंत

२१ डिसेंबर. सकाळ.
सिद्ध करावयाचे ते असे: मुलुंडच्या आमच्या तळमजल्यावरील झोपण्याच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर पारदर्शक आवरण चढवल्यास ती खोली विजेवाचून, केवळ उन्हावर उबदार राहील.
निकड: वसुधाचे गुडघे थंडीने आखडतात. संक्रांतीपर्यंत खोलीत ऊब आली नाही, तर ती घाटकोपरला लेकीकडे राहायला जाणार. कायमची, असे लेकीने, सईने, फोनवर स्पष्ट केले.
आधार: भिंत दक्षिणेची आहे. पूजेला मी पूर्वाभिमुख बसतो. खोली उजव्या हाताला. ‘दक्षिण’ शब्दाचा अर्थच उजवा. होकायंत्र अनावश्यक.

२६ डिसेंबर.
साकीनाक्याच्या केयूरभाईंनी पॉलीकार्बोनेटच्या पोकळ शीटचे उरलेले तुकडे स्वस्तात बसवून दिले. आत भिंतीला काळा रंग. ऊन शिरते, ऊब अडकते.
केयूरभाई म्हणाले, "सर, भिंतीला शेवाळ आहे. इथे ऊन येतं ना?"
धूर तेथे अग्नी, तसे शेवाळ तेथे ओल. याहून अधिक अनुमान निघत नाही, हे त्यांना समजावले. त्यांनी ड्रिल बॅगेत भरले.

२ जानेवारी. पहाट.
खोलीत १८ अंश. रंग वाळायचा असावा.

९ जानेवारी.
१७.५. वसुधाला विचारले, बरे वाटते का. हो म्हणाली. पुरावा अनुकूल.
पहाटे ती स्वयंपाकघरात गॅसजवळ खुर्ची टाकून झोपलेली आढळली. एका अपवादाने नियम मोडत नाही.

१४ जानेवारी. संक्रांत.
१७. सई गाडी घेऊन आली.
माझ्या हातावर तिळगूळ ठेवून वसुधा म्हणाली, "अहो, या घरात आल्यापासून अकरा वर्षं तुम्ही पश्चिमेला तोंड करून पूजा करताय. देव्हाऱ्याला दुसरीकडे जागाच नव्हती."
आधी का सांगितले नाही, असे विचारले.
"वाद घातला असतात."

१५ जानेवारी.
फोनमधल्या होकायंत्राला भिंतीची दिशा विचारली. उत्तर: उत्तर.
फोन जुना झाला आहे. शेजारच्या मुकुलचा मागून घेऊन पाहिला. तोही जुना असावा.

२५ मे. दुपार.
सूर्य उत्तरेकडे सरकला. भिंत तापली. खोलीत ३९ अंश. प्रतिज्ञा शब्दशः सिद्ध. तीत ऋतूचा उल्लेख नव्हता.
वसुधाला फोनवर कळवले. गुडघे बरे आहेत, म्हणाली. जेवलात का, एवढेच विचारले.
शीट काढायला केयूरभाई उद्या येतील.

एक चूक मान्य करतो. माझे तोंड कोणीकडे आहे, हे घरात एकाच व्यक्तीला ठाऊक होते. तिला मी विचारले नाही.

— श्यामसुंदर सोमण