उसन्या सुताचा खटला

आबा, काल दुपारी कोर्टाने मला निर्दोष सोडलं. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही, तेव्हा आधी घाबरून घ्या आणि मग हसा. तुमच्या मुलीने आयुष्यात शेजारच्या परसातली शेवग्याची शेंगसुद्धा न विचारता तोडली नाही, आणि तीच चोरीचा माल जवळ बाळगल्याच्या गुन्ह्यात आरोपी होती. काही वर्षं चाललं हे. खटला चालू असताना तुम्हाला लिहिलं असतं तर ते रडगाणं झालं असतं, आणि रडगाणं तुम्हाला सोसत नसे. मी लहानपणी रडायला लागले की तुम्ही कारखान्याचं दार उघडून म्हणायचात, "आत जाऊन रर, मागांच्या आवाजान कोनाला ऐकू येनार न्हाय." आज रडायचं नाही. आज मी फुशारक्या मारणार आहे आणि तुम्ही त्या गप ऐकून घ्यायच्या आहेत.

पहिली फुशारकी म्हणजे कारखाना चालू आहे. माझ्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांत तुम्ही माझ्या नावावर माग घेतलेत, तेव्हा सगळी भावकी हसली होती. आत्या तर तोंडावर म्हणाली होती, "पोरीला नवरा बघायचा सोरून लूम बघतोस?" तुम्ही म्हणालात, "लूम दारू पीत न्हाय." नवरा शेवटपर्यंत आला नाही, माग मात्र वाढले. तुम्ही गेलात तेव्हा होते त्याच्या दुप्पट आहेत आता. दोन शिफ्टमध्ये चालतात आणि कामगारांना मी अजून तुमच्यासारखीच शिव्या न देता ओरडते.

आता खटल्याचं सांगते. त्याचं मूळ तुमच्यातच आहे. आपल्या कामतघरच्या गल्लीत सूत उसनं द्यायची पद्धत तुम्ही पाडलीत. व्यापाऱ्याची गाडी अडकली, कोणाचं सूत संपलं, की त्याने शेजारच्या कारखान्यातून गोणी न्यायची आणि आपला माल आला की तसल्याच सुताची गोणी आणून टाकायची. चिठ्ठी नाही, बिल नाही. घरातली साखर संपल्यावर बाई वाटी घेऊन शेजारी जाते, तितकं साधं. सुरुवात माझ्या डोळ्यांसमोर झाली. समोरच्या कारखान्यातले चाचा तेव्हा तरुण होते, उत्तरेकडून येऊन नुकते माग लावलेले. त्यांचं सूत संपलं आणि कामगार पायरीवर बसून होते. तुम्ही कोणी न मागता आपली गोणी खांद्यावर टाकून त्यांच्या दारात नेऊन ठेवलीत. चाचा म्हणाले, "भाईसाब, लिख तो लो." तुमचं हिंदी म्हणजे आनंदच. तुम्ही म्हणालात, "लिखने का काय हाय? तुम हाय, मी हाय."

आणि ती गोणी परत आली तो दिवस. मी शाळेतून आले आहे, गणितात पहिली आल्याचा तोरा अंगात आहे. चाचा गोणी टेकवतात आणि मी त्यांच्यासमोरच ती उघडून काट्यावर चढवते. तुम्ही गोणी खाली उतरवता, दोरीने तोंड बांधता, चाचांना चहा देता. ते गेल्यावर मला म्हणता, "पोरी, काटा दुकानान ठेवायचा, शेजारान न्हाय. देनाऱ्याच्या तोंडावर गोन उघरायची न्हाय." एवढंच. पण त्या दिवशी जेवताना तुम्ही माझ्या ताटात मासळीचा तुकडा वाढला नाहीत, आणि ते मला थपडेपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर परत आलेली गोणी मी कधी उघडून पाहिली नाही. भिंतीला लावून ठेवायची आणि माग मागेल तेव्हाच शिवण उसवायची. गल्लीत सगळे तसंच करू लागले.

मग असं झालं की मागच्या गल्लीत एकाने भाड्याने कारखाना घेतला. गोड बोलायचा, मला दीदी म्हणायचा. दिवाळीच्या आधी त्याने आपल्याकडून सुताच्या गोणी उसन्या नेल्या आणि दिवाळीनंतर टेम्पोतून परत आणून टाकल्या. मी त्याला फराळाची पुडी दिली. गोणी दाराजवळच्या भिंतीला लावल्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशा. त्या गोणी काल्हेरच्या एका गोदामातून चोरीला गेलेल्या मालातल्या होत्या. हे मला पोलीस आले तेव्हा कळलं.

सकाळची वेळ होती. कारखान्याला लागून असलेल्या आपल्या घरात मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, दुसऱ्या शेगडीवर सुकट परतायला टाकलं होतं. दारात फौजदार, मागे दोन शिपाई आणि एक महिला पोलीस. फौजदार म्हणाला, "या गोणींचं बिल दाखवा." मी म्हटलं, "बिल नाही, उसन्या दिलेल्या परत आल्यात." तो हसला. "मावशी, उसनं काय मीठ-मिरची आहे?" मी म्हटलं, "आमच्याकडे सूत म्हणजे मीठ-मिरचीच." तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा ती महिला पोलीस हळूच म्हणाली, "ताई, आधी गॅस बंद करा." तिचे उपकार मी विसरणार नाही. बाकी सगळं मी विसरायचा प्रयत्न केला, पण जीपमध्ये बसताना गल्लीतले सगळे माग एकेक करून थांबले आणि लोक दारात आले, ते विसरता येत नाही. गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

संध्याकाळपर्यंत जामीन झाला. गोड बोलणारा मात्र कारखान्याला कुलूप लावून परागंदा. म्हणजे माल माझ्याकडे, बिल नाही, आणि देणारा गायब. धामणकर नाक्यावरच्या ज्या सूतवाल्याकडे आपण तुमच्या काळापासून माल घेतो, त्याने नोकराकरवी निरोप पाठवला की हल्ली रोखीशिवाय माल देत नाही. रिक्षात शेजारी बसलेली बाई पिशवी दुसऱ्या बाजूला घेऊ लागली. आबा, खरं सांगते, तेव्हा मला तुमचा इतका राग आला होता. तुमच्या फोटोला हार घालताना मी म्हटलं, घ्या तुमचं शेजारधर्माचं फळ. त्या दिवशी तुम्ही मला काट्यावर गोणी चढवू दिली असती तर ती सवय राहिली असती आणि या गोणींच्या लेबलावरचा गोदामाचा बारीक शिक्का तरी दिसला असता.

वकील म्हणून एक तरुण मुलगी मिळाली. कामात चोख, बोलण्यात फटकळ, त्यामुळे आमचं जमलं. तिने सरळ सांगितलं, "मावशी, दोन रस्ते आहेत. गुन्हा कबूल करा, तुमचं वय आणि पहिलीच वेळ बघून थोडक्यात सुटाल. नाहीतर लढा, पण हरलात तर तुरुंग आहे." मी विचारलं, "कबूल केलं तर कागदावर काय राहील?" ती म्हणाली, "दोषी." मग मी म्हटलं, "लढायचं." ती म्हणाली, "माल चोरीचा आहे हे तुम्हाला माहीत होतं, असं त्यांना दाखवायचंय. तुम्हाला माहीत नव्हतं हे आपण दाखवू. पण इथे खरंच असं बिनचिठ्ठीचं सूत फिरतं, हे कोणीतरी कोर्टात येऊन सांगायला हवं."

मी दारोदार गेले. ज्यांच्या दारात मी गोणी टाकल्या होत्या तेच लोक पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभे राहिले. त्यांचंही चुकत नव्हतं. बिनबिलाचा व्यवहार करतो असं कोर्टात बोलायचं म्हणजे जीएसटीवाल्यांना स्वतःहून चहाला बोलावणं. चाचा तर आता सत्तरीच्या पुढे, कारखाना मुलांच्या हातात. ते म्हणाले, "बेटी, मेरा अकेले का मामला होता तो आज चलता. बच्चे डर रहे हैं." मी मान डोलावली आणि घरी आले. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचं उत्तर मला आजही ठाम देता येत नाही.

पण गंमत पुढे झाली. माझ्या केसनंतर गल्लीत कोणी कोणाला सूत देईना. सगळ्यांनी हात आखडते घेतले. आणि बिनउसन्याची गल्ली कशी असते ते सगळ्यांना कळलं. एकाची गाडी वाटेत अडकली की त्याचे माग बंद, दुसऱ्याचा व्यापारी रुसला की त्याचे. बाजूच्या कारखान्यात सूत पडून आहे आणि इकडे कामगार विड्या फुंकत बसलेत, असं पुन्हा दिसू लागलं. एके सकाळी चाचांचा अख्खा कारखाना सुताविना थांबला. थोड्या वेळाने चाचा काठी टेकत माझ्या दारात आले. मला वाटलं गोणी मागायला आले. मी उठलेसुद्धा. ते म्हणाले, "बैठ. सूत नहीं चाहिए. वकील को बोल, मेरा नाम लिखे. तेरे अब्बा ने जो चालू किया, वो मेरे जीते जी बंद नहीं होगा." मागे त्यांचा मोठा मुलगा उभा होता. तो फक्त म्हणाला, "और मेरा भी लिखना, दीदी."

आबा, ते कोर्टात कसे बोलले ते तुम्ही ऐकायला हवं होतं. सरकारी वकिलाने विचारलं, "गोणी परत आल्यावर उघडून पाहत नाही?" चाचा म्हणाले, "नहीं साहब." "का?" "सामनेवाले की बेइज्जती होती है." "मग आत काय आहे ते कसं कळतं?" चाचा म्हणाले, "चालीस साल में जरूरत नहीं पड़ी." न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला आणि त्यांना बसायला खुर्ची द्यायला सांगितली. त्यांच्यानंतर तो मुलगा, मग आपल्या पलीकडचा पाटील, मग त्याच्या शेजारच्या कारखान्यातला तेलुगू मास्तर. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, घसा खाकरत, आणि सगळ्यांचं बोलणं एकच. पुढे जीएसटीवाले आले तर काय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी ते आले होते. मग माझ्या वकीलपोरीने पंचनाम्यातले फोटो पुढे केले. सगळ्या गोणींची शिवण शाबूत, लेबलं जागच्या जागी, आणि गोणी उघड्या दाराशी. तिने विचारलं, चोरीचा माल ठाऊक असून कोण असा दर्शनी ठेवील? सरकारी वकिलाने बरंच काही सांगितलं, पण त्याच्या आवाजात आधीसारखा जोर नव्हता.

काल निकाल लागला आणि मी बाहेर आले ती छाती पुढे काढून. चाचांच्या मुलाने जिलेबी आणली होती. पाटलाने कोर्टाच्या आवारातच मला हार घातला, जणू मी निवडणूक जिंकले. जिंकलेच की! नाक्यावरून चालत गेले, मुद्दाम. सूतवाल्याच्या दुकानासमोर थांबले. तो उठून बाहेर आला आणि म्हणाला, "या ना ताई, चहा घ्या." मी म्हटलं, "आज रोखीशिवाय चहा घेत नाही." माझं हे वागणं तुम्हाला पटणार नाही, पण मला फार बरं वाटलं. कारखान्यात पोहोचते तोच तेलुगू मास्तर दारात उभा, मान खाजवत, "ताई, एक गोणी मिलेगी?" दिली. वकीलपोर म्हणते, आता तरी चिठ्ठी करत जा मावशी. मी तिला हो म्हटलं आहे. तुम्हाला खरं सांगते, नाही करणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते, जी त्या पोरीलाही सांगितली नाही. दर तारखेला कोर्टाचा शिपाई व्हरांड्यात येऊन आरोपीचं नाव पुकारायचा. माझं नाव, मग तुमचं, मग आडनाव. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण तुम्ही गेल्यापासून तुमचं नाव इतक्या मोठ्याने कोणी घेतलंच नव्हतं, आबा. नंतर नंतर मी तारखेला लवकर जाऊन बसायला लागले. कधी पहिल्या हाकेला ऐकू येऊनही उठायचे नाही, म्हणजे तो पुन्हा पुकारेल. काल सुटले. आता तारीख नाही.