रविवारचे शेंगोळे आणि तुमचे बंधू

ती. लंकावन्सं यांना,

केडगावहून तुमची भावजय मनकर्णा हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेल्या तेलाने फरक पडला की नुसतीच चादर तेलकट झाली, ते कळवा. म्हैस व्यायली असेल. गोरक्षने कांदा चाळीत घातला की अजून चढ्या भावाची वाट बघत अंगणातच ठेवलाय? (तुमचा मुलगा आहे म्हणून बोलत नाही, पण वाट बघण्यात तो मामावर गेलाय.) यापुढे 'इकडे सर्व खुशाल' असं लिहायची रीत आहे, पण वन्सं, यंदा मी ती मोडते. इकडे खुशाल एकच माणूस आहे आणि तो तुमचा सख्खा भाऊ आहे. त्यांची तब्येत उत्तम, झोप उत्तम, भूक तर विचारूच नका. आणि येत्या रविवारी दत्तमंदिराच्या मंडपात सगळ्या कॉलनीसमोर माझी जी शोभा व्हायची आहे, तिचीही तयारी त्यांनी उत्तम करून ठेवली आहे.

आजकाल पत्र कोण लिहितं, फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन माझा आहे, पण असतो त्यांच्या हातात. तुमचा फोन गोरक्ष उचलतो आणि लगेच स्पीकरवर टाकतो, मग आपलं बोलणं म्हशीसकट सगळा गोठा ऐकतो. म्हणून हे पत्र माझा मावसभाऊ अजिनाथ याच्या हाती देते आहे. तो टेम्पोत जनावरं घालून तुमच्या घोडेगावच्या बाजाराला येणारच आहे. (त्याला चहा द्या, पण जेवायला बसवू नका. एकदा बसला की बाजार उठतो, पण हा उठत नाही.)

तर मूळ गोष्ट अशी. आमच्या कॉलनीतल्या बायकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्याचं नाव 'आजचं ताट'. रोज घरी काय रांधलं त्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यावर सल्ला द्यायचा, एवढंच त्याचं काम. चालवते धनश्री नावाची मुलगी. बँकेत आहे, गुणी आहे, पण तिला रिकामा वेळ फार मिळतो असं माझं मत झालं आहे. सल्ल्यांचं म्हणाल तर कुणी दुधीची भाजी टाकली की निम्म्या जणी म्हणतात हरभऱ्याची डाळ घाला, निम्म्या म्हणतात चुकूनही घालू नका, आणि मोनिका नावाची एक आहे ती म्हणते चिमूटभर साखर घाला. मोनिका आमटीत साखर घालते, भरल्या वांग्यात घालते, एकदा तर तिने ठेच्यात घालायला सांगितली. (माहेर पुण्याचं. मी काही बोलत नाही.) कुणी भाकरीशेजारी काटा-चमचा मांडून फोटो काढते, कुणी ताटात झेंडूचं फूल ठेवते. ते फूल खायचं की बाजूला काढायचं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

धनश्रीने आग्रहाने मलाही त्यात घेतलं. मी पहिल्या दिवशी सरळ मनाने आपलं ताट टाकलं: बाजरीची भाकरी, शेवग्याची आमटी, मिरचीचा खर्डा, कांदा. सकाळपासून ओट्याशी उभी राहून केलेलं अन्न. वन्सं, त्यावर दिवसभरात एक शब्द आला नाही. रात्री एकीने लिहिलं, 'काकू, फोटोत तुमचा अंगठा आलाय.' बस्स. दुसऱ्या दिवशी मी अंगठा बाजूला ठेवून पिठलं टाकलं, तर मोनिका म्हणाली, बेसनाऐवजी ओट्स घालून बघा, पचायला हलकं. आपल्याकडची माणसं पिठलं-भाकरी खाऊन ऊस तोडतात, त्यांना कधी जड झालं नाही, आणि मोनिकेला गाडीवरून दळण आणायला जाऊन ते पचत नाही! मी ग्रुप बंदच करणार होते. पण बंद कसा करतात ते मला येईना म्हणून फोन तुमच्या भावाकडे दिला. माझं नशीब तिथेच फिरलं.

तुम्हाला माहीत आहेच, त्यांनी साखर कारखान्यात सगळी नोकरी काट्यावर केली. उसाच्या गाड्यांचं वजन करता करता जन्म गेला, पण घरात कधी स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही. निवृत्त झाल्यापासून खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचे. त्या दिवशी फोन हातात आला आणि त्यांनी त्या ग्रुपमध्ये जे डोकं घातलं ते अजून बाहेर काढलेलं नाही. आधी नुसते फोटो काढायचे. माझं ताट खिडकीपाशी न्यायचे, वळवायचे, वाकून बघायचे, तोवर भाकरीची वाफ निघून जायची. मग एका सकाळी म्हणाले, "आज तू बस. पिठलं मी करतो." मी म्हटलं, करू देत, हात भाजला की आपोआप बसतील. भाजला नाही. पिठल्यासाठी घरातली झाडून सगळी भांडी निघाली, मोहरी डोळ्यांसमोर असताना "मव्हरी कुठंय, मव्हरी कुठंय" करत माझा जीव घेतला, पण पिठलं झालं. त्याचा फोटो त्यांनी माझ्या फोनवरून टाकला. म्हणजे कुणाच्या नावाने गेला? माझ्या! आणि त्यावर लाल बदामांच्या चित्रांचा असा पाऊस पडला म्हणता! 'काकू, काय रेशमासारखं दिसतंय!' 'काकू, हाताला चव आहे हो!'

हे पिठलं पस्तीस वर्षं मीच करते आहे हो, वन्सं. तेच बेसन, तीच कढई. मी केलं तेव्हा अंगठा दिसला, त्यांनी केलं तेव्हा रेशीम दिसलं! दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापाशी चार बायकांनी गाठून माझं कौतुक केलं. तिथल्या तिथे सांगायला पाहिजे होतं की बायांनो, हे माझं नव्हे. पण माझ्या रांधण्याला चार माणसांत कुणी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ते कानाला गोड लागलं आणि मी गप्प राहिले. एकदा गप्प राहिल्यावर पुढे बोलायला तोंड कुठलं?

मग तर त्यांना ऊतच आला. रोज एक पदार्थ, रोज बदाम. शिवाय सल्ले द्यायला लागले, तेही माझ्या नावाने! ज्या माणसाने आयुष्यात भाकरी थापली नाही, तो ज्योती नावाच्या एका नव्या सुनेला भाकरीला चिरा का पडतात ते समजावून सांगतो. (पाणी कोमट घ्यायला सांगितलं. बरोबर सांगितलं, हाच तर संताप आहे.) आणि त्यावरही कडी ऐका. परवा मी चष्मा लावून जुने निरोप वाचत बसले, तर त्यात 'मी' लिहिलं होतं: 'आमच्या ह्यांना साधंच लागतं. कधी नावं ठेवणार नाहीत. माणूस देवासारखा आहे.' स्वतःच स्वतःला देव केलं, आणि आरती ओवाळायला मला उभं केलं! त्याखाली बायकांनी लिहिलंय, 'काकू, नशीबवान आहात.'

आता शेंगोळ्यांकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. माझं लग्न होऊन मी तुमच्या घरात आले, त्या पहिल्या थंडीतली गोष्ट. तुम्ही तेव्हा सासरी होतात. सासूबाईंनी मला हुलग्याचे शेंगोळे करायला सांगितले. आमच्या माहेरी ते करत नसत, मी आपली अंदाजाने पिठाची वेटोळी वळून केले. रश्श्यात सोडले तसे सगळे फुटले. सासूबाईंनी पातेल्यात पाहिलं, त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि त्या आता बोलणार, एवढ्यात तुमचे बंधू ताटावरून म्हणाले, "राहू दे आई. मला असेच मोडके आवडत्यात. रस्सा दाट व्हतो." सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. आणि मी, नवी नवरी, ते मनात कोरून ठेवलं की आपल्या माणसाला शेंगोळे मोडके आवडतात.

तेव्हापासून आजवर, वन्सं, मी दर थंडीत शेंगोळे मोडकेच केले. पीठ मुद्दाम सैल भिजवायचं. चुकून एखादं वेटोळं अख्खं राहिलंच, तर वाढण्याआधी पळीने दाबून मोडायचं. घरात इतर कुणाला तसे आवडत नसत. मुलगा म्हणायचा, आई, हे शेंगोळे नाहीत, हे माडगं आहे. मी त्याला दटावायची: वडिलांना आवडतात, खा मुकाट्याने. त्यांच्या एका आवडीपायी मी सगळ्या घराला ती लापशी चारली.

आणि मागच्या आठवड्यात तुमचे हे बंधू हुलग्याचं पीठ घेऊन बसले. लसूण, मिरची, जिरं वाटलं, पीठ मळलं, आणि तळहातावर सरासरा वळायला लागले. बांगडीसारखी सुबक वेटोळी. रश्श्यात सोडली, एक फुटलं नाही. मी दारात उभी राहून बघतच राहिले. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाले, "आईच्या परातीपाशी. आमी समदी भावंडं वळायला बसायचो. अक्काला इचार." म्हणजे तुम्हाला! मग बसले आणि अख्खे शेंगोळे दोन वेळा वाढून घेतले, बोटं चाटली, आणि तृप्त होऊन म्हणाले, "किती वर्सांनी खाल्ले गं!"

किती वर्षांनी! मग एवढी वर्षं मी ताटात काय वाढत होते? मला अख्खे करता आले नसते का? मनात आणलं असतं तर कॉलनीत कुणाचे झाले नसते असे केले असते. पण या माणसाने तोंड उघडलं नाही. काट्यावर उसाच्या गाडीत किलोभर फरक निघाला तर ड्रायव्हरला खाली उतरवणारा माणूस, घरात पस्तीस वर्षं खोटं वजन लिहीत बसला!

त्या शेंगोळ्यांचा फोटो अर्थातच गेला. धनश्रीने लिहिलं, 'काकू, हे आम्हाला शिकवाच. रविवारी दत्तमंदिराच्या मंडपात सगळ्या जमू, तुम्ही समोर करून दाखवा.' मी ते वाचायच्या आत 'माझं' उत्तर गेलेलं होतं: 'हो हो, अवश्य. हुलगे माझ्याकडचे.' वर हात जोडलेले. आता रविवारी मंडपात शेगडी मांडून, ज्योतीपासून मोनिकेपर्यंत साऱ्या बायका गोल करून बसणार आणि माझ्या हाताकडे बघणार. मी म्हटलं, तुम्हीच चला. तर म्हणाले, "बायांच्यात मी कशाला? नाव तुझं हाय."

वन्सं, तुम्ही थोरल्या. त्यांचा कान धरायचा हक्क आता तुमच्याशिवाय कुणाला उरलेला नाही. तुम्ही त्यांना चार शब्द खडसावून सुनवावेत, एवढंच माझं मागणं आहे. दुसरं काही नको. मन मोकळं केलं, हलकं वाटलं. लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवा.

तुमची,
मनकर्णा

ता. क. : वर मी 'मनात आणलं असतं तर' असं जे लिहिलंय ते रागात लिहिलं. हे काल दाढी करायला गेले तेवढ्यात मी दार लावून अख्खे करून पाहिले. पीठ घट्ट मळलं तर गोट्या झाल्या, सैल केलं तर पुन्हा माडगं. मला येत नाहीत, वन्सं. हाताला मोडायचंच वळण लागलंय. तुम्हीही त्याच परातीपाशी बसलेल्या आहात. पीठ किती घट्ट लागतं, हुलग्याच्या पिठात आणखी कसलं पीठ मिसळायचं का, रश्श्यात कधी सोडायचे आणि पळी कधी घालायची, सगळं बारकाईने लिहून अजिनाथच्याच हाती परत पाठवा. त्याला जेवायला बसवावं लागलं तरी बसवा, पण रिकाम्या हाताने धाडू नका. आणि यातलं अक्षरही तुमच्या भावाला कळता कामा नये.

ता. क. दुसरा : अजिनाथच्या टेम्पोचा टायर बसला म्हणून पत्र एक दिवस घरातच राहिलं. रात्री मला राहवेना, मी त्यांना सरळच विचारलं की तेव्हा खोटं का बोललात. फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले, "आई तुला बोलनार हुती. नवी हुतीस. रडली असतीस." बरं, मग पुढे का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तू लई मायेनं मोडीत हुतीस. कसं सांगू?" मला त्यांच्याशी भांडायचं होतं. पण उठून दूध झाकून आले.

त्यांना खडसवायचं तेवढं राहू द्या. कृती मात्र न चुकता पाठवा. त्या बायकांसमोर शेंगोळे अख्खेच झाले पाहिजेत. घरी मात्र मी मोडूनच वाढणार आहे. बघू, आता तरी नको म्हणतात का.