आईच्या गुडघ्याची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ. अंबाजोगाई.

डॉक्टर म्हणाले, आईच्या आतड्यात जंत झालेत. मातीतून पायावाटे शिरलेले, बहुतेक कित्येक वर्षांपूर्वीच. मग इतके दिवस गप्प कसे होते? अंगातल्या ताकदीनं दाबून ठेवलं होतं म्हणे, आणि ती ताकद गुडघ्याच्या गोळ्यांनी मारली. स्टेरॉइड. मला हे नावही माहीत नव्हतं.

गुडघ्यासाठी आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर आठच दिवस लिहिले होते. तीच चिठ्ठी मेडिकलवर दाखवून मी वर्षभर गोळ्या आणल्या, कारण आई पुन्हा रानात जायला लागली होती. अनवाणीच.

चिठ्ठी अजून खिशात आहे, घड्यांवर फाटायला आलेली. इथल्या डॉक्टरांना दाखवली नाही. का नाही दाखवली?

मघाशी आई हळूच म्हणाली, "गुडघे लई दुखायलेत रं. तुझ्या त्या गोळ्या आण की."