वरचा वर्ग मिळत नाही म्हणून

प्रति,
मेहेरबान अध्यक्षसाहेब,
मुलींच्या शाळेची कमिटी,
कल्याण, जिल्हा ठाणे.

विषय : वरचा वर्ग शिकवावयास मिळावा, न मिळाल्यास नोकरी सोडण्याबाबत.
संदर्भ : शाळेतील बाईंनी घरी मुली शिकवू नयेत, हा कमिटीचा गेल्या आठवड्याचा हुकूम.

मेहेरबान साहेब,

अर्जदार सगुणाबाई, कै. गोविंदराव दिघे यांची पत्नी, वस्ती पारनाका, इचे म्हणणे येणेप्रमाणे :

१. वैधव्य आल्यावर अर्जदार पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकली व तिच्या वर्षात पहिली आली. तिला कल्याणास कमिटीनेच बोलावून आणले. "अशी हुशार बाई ठाण्याच्या शाळेने पळवता कामा नये," असे आपण भर सभेत म्हणालात. ठाण्याने पळवली नाही. आपण तिला बालवर्गात बसवले, आणि पाच वर्षे ती तिथेच आहे. सकाळी श्री गिरवून घ्यायचा, दुपारी लोकरीच्या टोप्या विणायला शिकवायचे, एवढेच तिचे काम.

२. अर्जदाराने वरचा वर्ग मागितला, तेव्हा कमिटीने तिला शाल दिली. पुन्हा मागितला, तेव्हा हात टेकायची खुर्ची दिली. तिसऱ्या खेपेस हेडमास्तर परशुरामपंत म्हणाले, "बाई, तुमची बुद्धी मोठी, म्हणून तर आम्ही ती जपून वापरतो." जपून ठेवलेले लुगडे घडीवर विरते, हे पंतांना घरात कोणी सांगितले नसावे.

३. गेल्या भाद्रपदात पंत तापाने आजारी पडले आणि निरुपायाने वरचा वर्ग अर्जदाराकडे आला. तिने मुलींना शेणाळे तळ्यावर नेले, आणि पाण्यात पाय न घालता, काठ्या रोवून व दोरी धरून तळ्याची रुंदी काढायला लावली. तांबटाच्या लक्ष्मीने उत्तर काढले. पडताळ्यासाठी धाकू कोळ्याने होडीतून दोर नेला, तर उत्तर हातभर चुकलेले निघाले. ती चूक शोधताना मुली घरी जेवायला जायचे विसरल्या. पाच वर्षांत अर्जदाराला इतके सुख झाले नव्हते. तेवढ्यात आपली गाडी तिथे थांबली. "मुलींना तळ्याची रुंदी कशाला? पाणी भरायला काठ पुरतो," हे आपलेच शब्द. दुसऱ्या दिवशी अर्जदार बालवर्गात परतली, आणि वरच्या वर्गावर आपले भाचे बाळकृष्णराव नेमले गेले.

४. आता जे लिहिणे भाग आहे, ते साहेबांना गोड लागणार नाही. नेमणुकीला आठ दिवस झाले नाहीत तोच बाळकृष्णराव तिन्हीसांजेला अर्जदाराच्या मागील दारी आले. "बाई, उद्याचे त्रैराशिक काही केल्या सुटत नाही. तेवढे करून द्या. मामांना कळू देऊ नका." अर्जदाराने करून दिले. मग ते रोजच येऊ लागले. अर्जदाराला शरम याची वाटते, की ती त्यांची वाट पाहू लागली. ते न आले त्या दिवशी तिला अन्न गोड लागेना. दुसऱ्याच्या पाटीवरचे उष्टे गणित मिळावे म्हणून आपण दाराशी घुटमळतो, हे एके संध्याकाळी तिच्या ध्यानात आले आणि तिच्या अंगाची आग झाली. तिने पाटी कोरीच परत केली. "बाळकृष्णराव, उत्तर तुम्हाला मिळणार नाही. ज्यांना हवे त्या मुलींना पाठवा."

त्यांनी पाठवल्या, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. आधी लक्ष्मी आली, मग तिच्या मैत्रिणी, आणि पौषात बहुतेक सगळा वर्ग संध्याकाळी अर्जदाराच्या ओटीवर बसू लागला. पुढे व्हायचे तेच झाले. मुली वर्गात "असे का?" म्हणून विचारू लागल्या. बाळकृष्णरावांनी मामांकडे तक्रार केली आणि संदर्भातील हुकूम निघाला.

५. हुकुमामागोमाग परशुरामपंत अर्जदाराकडे आले. ओटीवरचा वर्ग मोडलात तर बक्षीस समारंभात कलेक्टरसाहेबांच्या मडमेच्या हातून चांदीचे पदक देववू, असा आपला निरोप होता. अर्जदार म्हणाली, "पंत, पदक नको, फळा द्या." पंत म्हणाले, "बाई, हा हट्ट झाला." अर्जदार म्हणाली, "होय, झाला." पंत पाणीसुद्धा न घेता उठून गेले.

६. साहेब, अर्जदारावर जुलूम झाला असे कोणी म्हणणार नाही. तिला शाल मिळाली, खुर्ची मिळाली. पण कमिटीला हुशार बाई हवी होती ती सरकारी ग्रांटीच्या कागदावर दाखवायला. ते काम भिंतीवर टांगलेली तसबीरही करील. म्हणून अर्जदार विनंती करते, की येत्या शनिवारपर्यंत वरचा वर्ग लेखी हुकुमाने तिच्या हवाली करावा. तसे न झाल्यास शनिवारी दिवेलागणीपासून तिचा राजीनामा समजावा. तो मंजूर करण्याची मेहेरबानी नको. कमिटीच्या कपाटात ठेवलेले तिचे सर्टिफिकेट मात्र परत करावे.

७. शेजारच्या रखमाबाई तेलीण यांनी आपली पडवी सारवून दिली आहे. मुलींच्या आया आपापल्या हाताने पाट आणून ठेवून गेल्या. एवढ्याकरिता, सोमवारी वरचा वर्ग रिकामा दिसला तर मुलींच्या घरी शिपाई पाठवू नये. त्या घरी नसतील.

तारीख ५ माहे फेब्रुवारी सन १८८४, मुक्काम कल्याण.

शनिवारपर्यंत आपली आज्ञाधारक,
सगुणाबाई दिघे

सोबत : बालवर्गाच्या कपाटाची किल्ली.