त्या सात उंदरांबद्दल

प्रिय ताई,

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, मध्येच हसवतेस, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र. अक्षराकडे बघू नकोस. दर दोन ओळींनी उठून खिडकीपर्यंत जाऊन येतेय. घरातले विचारून थकले, या उंदीरमावशीला (तुझ्या लेकीनं ठेवलेलं नाव आता इथेही चालतं) आज झालंय काय.

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांचं तुला थोडंफार ठाऊक आहेच. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात: तुटून पडा, आता पुरे. आम्ही पाळतो त्या उंदरांमधलं ‘आता पुरे’ सांगणारं जनुक जन्माआधीच काढून टाकलेलं असतं. मग त्या पेशींना आवरायला कुणीच उरत नाही. त्या स्वतःच्याच सांध्यांवर उठतात आणि तिसऱ्या महिन्यात पंजे सुजायला लागतात. तसा पंजा पहिल्यांदा मोजायला धरला तेव्हा मला तुझी बोटं आठवली, सुईत दोरा ओवताना अडणारी. हे तुला आजवर बोलले नव्हते. उंदराशी बरोबरी केली म्हणून भांडली असतीस.

चार महिन्यांपूर्वी मी तुला ओरडतच फोन केला होता. नवीन औषध दिलेल्या बारांपैकी सात उंदरांचे पंजे सुजलेच नव्हते! तू शिवणयंत्र थांबवून ऐकलंस, आणि तो आकडा मला पुन्हा सांगायला लावलास.

गेल्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, शोधनिबंध छापायला पाठवायच्या आधी त्या सातांची जनुकं एकदा पुन्हा तपासून घे. मी हसत हसत घेतली. काल निकाल आला. सातही साधे उंदीर निघाले, ताई. जनुक जागच्या जागी. औषधानं ते बरे झाले नव्हते, ते आजारी पडणारच नव्हते. खरे आजारी होते ते उरलेले पाच, आणि औषध घेऊनही ते सुजलेच होते. काही पिल्लं जनुक शाबूत असलेलीही जन्मतात, म्हणून तपासणीसाठी प्रत्येकाच्या शेपटीचं टोक कापून नळीत घालतात आणि नळीवर आकडा टाकतात. दोन पिंजऱ्यांच्या नळ्यांवरच्या आकड्यांची अदलाबदल झाली होती. अक्षर माझंच. कारणं सांगत बसत नाही.

मॅडमच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरले, तिसऱ्यांदा आत शिरले. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चष्मा काढून त्यांनी एवढंच विचारलं, “ते बरे झाले म्हणून बाहेर कुणाला सांगितलं होतंस?” मी म्हटलं, “बहिणीला.” “मग आधी तिला सांग. निबंधाचं मी बघते.”

आता खरं काय ते लिहिते. डॉक्टरांनी तुला सांध्यांसाठी गेल्या महिन्यातच इंजेक्शनं सुरू करायला सांगितली होती. तू म्हणालीस, माझी बहीण औषध शोधतेय, तोवर थांबते. तुझ्या लेकीनं मला हे सांगितलं तेव्हा तुझ्यावर रागवायचं सोडून मी मनातल्या मनात फुशारले. त्याची आज इतकी लाज वाटतेय की बसवत नाही. माझ्याकडे औषध नाही, ताई. यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, कदाचित कधीच नाही. आणि तू थांबशील तेवढे सांधे झिजत जातील, ते परत येत नाहीत. त्या इंजेक्शनांची तुला धास्ती आहे, ठाऊक आहे मला. मी शुक्रवारी सुट्टी घेतलीय. दहाला तुझ्या दारात हजर होते. वाटभर मला हवं तेवढं बोल, नाहीतर अजिबात बोलू नकोस. पण डॉक्टरांकडे आपण दोघी जायचं, आणि पहिलं इंजेक्शन घेऊनच बाहेर पडायचं.

तुझीच,
धाकटी