गोळ्याखालचा दीड इंच

प्रिय मामाजी,

सासऱ्याला ‘प्रिय’ लिहितात की नाही, मला माहीत नाही. चौदा वर्षांत तुम्हाला एकही पत्र लिहायची वेळ आली नाही. एका घरात राहणारी माणसं कशाला पत्र लिहितील? आज लिहितेय, कारण काल मी नाल्यापलीकडच्या वस्तीवर लसीकरणाला जाऊन आले. जीप तुमचीच, चालवली मात्र मी, आणि पांदण रस्त्यावर ती कुठेही अडकली नाही. गेल्या पावसाळ्यात जिथे तुम्ही तासभर माती उकरत होतात, तिथूनही गेली. हे सगळ्यात आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मग लक्षात आलं की त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट सांगावी लागेल.

तुम्ही होतात तोवर किल्ली काही माझ्या हाती आली नाही. “तू सुई टोचाचं पाह्य, गाडीचं मी पाह्यतो,” म्हणून विषय संपवायचात. उपकेंद्रात नर्स मी, पण पावसाळ्यात माझी स्कूटर चिखलात चालत नाही म्हणून दर बुधवारची ड्युटी तुमचीही झाली. तळेगावच्या बाजारात लोक तुम्हाला ‘सिस्टरचे ड्रायव्हर’ म्हणायचे. तुम्हाला ते मुळीच आवडायचं नाही. तरी सकाळी माझा चहा व्हायच्या आत लसीचा डबा मागच्या सीटला दोरीनं बांधून तयार असायचा.

आणि तुम्ही गाडी उंच केलीत तो दिवस! शकीलभाईंच्या गॅरेजात दोन दिवस ठाण मांडून चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानींमध्ये जास्तीचे पाटे घातलेत, कमानी जिथे टांगतात तिथल्या पट्ट्या लांब करून घेतल्यात, आणि जीप चार इंच वर उचलून घरासमोर आणून उभी केलीत. आळीतली माणसं बघायला जमली. “आता हे गाडी कोठीच अटकत नाई,” तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. साडी नेसून मला तिच्यात चढता येईना, तर तुम्ही पाटावर पाट ठेवून पायरी करून दिलीत.

पाट काढायला मी वाकले आणि सहज गाडीखाली नजर गेली. मागची दोन चाकं जोडणाऱ्या एक्सलच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, ज्याच्यात गिअर असतात, तो जमिनीपासून आधी होता तेवढ्याच उंचीवर होता. चाकं तीच, एक्सल त्यांच्यातच बसलेला, मग तो वर जाणार कसा? वर गेली होती ती नुसती बॉडी. आणि आपल्या पांदणीत तर नेमका गोळाच अडकतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडतात, मध्ये काळ्या मातीचा उंचवटा राहतो, त्याच्यावर गोळा टेकला की चाकं नुसती फिरत राहतात.

हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, मामाजी. मी बोलले नाही.

चारचौघे उभे होते आणि मी सून. सासऱ्याच्या कामात सुनेनं चूक काढायची नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सगळ्या सुनांना माहीत असतं, तसं मलाही माहीत होतं. बरं, नंतर एकटे असताना तरी सांगायचं? पण तुम्ही इतके खूश होतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडी दाखवायचात. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत तीन पावसाळे गेले. दर वेळी गाडी अडकली की तुम्ही मातीला नावं ठेवायचात, ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या द्यायचात. मी शेजारच्या सीटवरून मागचा डबा सांभाळत गप्प.

गेल्या श्रावणातल्या त्या बुधवारी लस गरम होईल म्हणून तुम्ही मला डबा घेऊन पायी पुढे पाठवलंत. मी परत आले तेव्हा तुम्ही गाडीखाली कुशीवर पडून फावड्यानं माती ओढत होतात. सदरा कुठला आणि चिखल कुठला, ओळखू येत नव्हतं. “झालंच,” म्हणालात. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असताना तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, केव्हाही झालं असतं. मी नर्स आहे, ते खरं बोलत होते हे मला कळतं. तरी एक प्रश्न डोक्यातून जात नाही. मी आधीच बोलले असते, तर तुम्ही त्या चिखलात असता का?

तुम्ही गेल्यावर तुमचे चिरंजीव गाडी विकायला निघाले. मी म्हटलं, एक पावसाळा थांबा, पांदणीत अडकली तर खुशाल विका. म्हटलं खरं, पण गाडी गेली तर पावसाळाभर वस्तीवरच्या तान्ह्या लेकरांपर्यंत लस पोचणार कशी? उन्हाळ्यात गाडी शिकले. दोनदा कुंपणात घातली, ते तुम्हाला कळलं नाही हे बरंच झालं.

मग शकीलभाईंकडे गेले आणि गोळ्याचं विचारलं.

“भाभी, कमान उचलली तं बॉडी वर जाते. गोळा चाकासंगच राह्यते. मले तवाच मालूम होतं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“काकाजीले कोन सांगन? तुमी सांगतलं का?”

“नाई,” मी म्हटलं. त्यांनी उपाय सांगितला. टायर उंचीला तीन इंच मोठे टाकायचे; एक्सल चाकाच्या मधोमध असतो, म्हणून गोळा त्याच्या निम्मा, दीड इंच वर येतो. एवढ्यानं काय होणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, “आपल्या पांदणीले दीड पुरते.”

टायर चढवल्यावर शकीलभाई चाकाशी उकिडवे बसले आणि मडगार्डखाली हात घालून मला म्हणाले, “पाहा, काकाजीनं गाडी उचलली म्हून हे बसले. नाई तं घासले असते.” मीही हात घालून पाहिला. तुम्ही केलेल्या त्या चार इंचांतच मोठ्या टायरांना जागा मिळाली होती. म्हणजे अर्धं काम तुम्ही करून ठेवलं होतं. उरलेलं अर्धं कोणी सांगितलं असतं, तर तुम्ही ते आठ दिवसांत केलं असतंत. मी तिथेच, गॅरेजात, सगळ्यांसमोर रडले.

काल घरी आल्यावर सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. तुझं काही चुकलं नाही, असं त्या म्हणतील, अशी माझी आशा होती. त्या म्हणाल्या, “बोलली असती तं दोन दिवस तोंड फुगवून बसले असते. फुगवू द्याचं होतं. पन बोलाचं होतं, बाई.” आणि लसणाचा पुढचा गड्डा हातात घेतला. मला राग आला नाही. कोणीतरी खरं बोललं, एवढंच वाटलं.

म्हणून आता सांगते, मामाजी. तुमचं मोजमाप चुकलं होतं. तुम्ही न कळत चुकलात. मी कळूनही गप्प बसले, आणि माझी चूक मोठी आहे.

यापुढे मला जे दिसेल ते मी बोलेन, समोर कोणीही असो. त्या माणसाला राग आला तर येऊ देईन. राग धरून बसलेला माणूस निदान घरात तरी असतो.

तुमची सून,
वर्षा